भालूचा हात

सुट्टीचा विषय आमच्या घरात एका व्हिडिओमुळे आला. समोरच्या टॉवरमधलं एक कुटुंब दक्षिणेतल्या एका शहराबाहेरच्या थीम पार्कला जाऊन आलं होतं. तिथे काढलेला व्हिडिओ त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यात एक छोटी रेल्वे बनावट डोंगराच्या पोटात शिरते. काही वेळ नुसता अंधार आणि किंकाळ्या. मग ती एकदम पाण्यावर बाहेर पडते आणि कॅमेऱ्यावर शिंतोडे येतात. आमची मुलगी तेव्हा नुकती पाच वर्षांची झाली होती. तिने तो व्हिडिओ इतका पाहिला की किंकाळी कुठे येते हे तिला पाठ झालं आणि ती लोकांच्या आधीच ओरडू लागली.

व्हिडिओच्या सुरुवातीला, रांगेच्या तोंडाशी, लाकडाचं एक अस्वल उभं आहे. त्याने एक हात आडवा धरला आहे. ज्या मुलाचं डोकं त्या हाताला लागतं त्याला रेल्वेत बसू देतात. ज्याचं लागत नाही त्याला शेजारच्या कपबशांच्या पाळण्याकडे पाठवतात. अस्वल हा शब्द मुलीला माहीत आहे, पण ती तो वापरत नाही. तिची शाळा हिंदी-इंग्रजीत, इमारतीखालचं खेळणं हिंदीत, मराठी घरापुरती. ती त्याला भालू म्हणते आणि रेल्वेला पहाडवाली ट्रेन.

"बाबा, मी भालूला टच होते?"

हा पहिला प्रश्न होता. पुढची अडीच वर्षं घरात दुसरा प्रश्न फारसा नव्हता.

आम्ही द्वारकेत भाड्याने राहतो. नवरा गुरुग्रामला एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट सांभाळतो. मी नोएडाला एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करते. दिल्लीतल्या बहुतेक मराठी नोकरदारांसारखं आमच्याकडेही सुट्टी म्हणजे गावी जाणं. नाशिकला नवऱ्याची मोठी बहीण असते. आईवडील गेल्यापासून तेच घर. आम्ही तिथे जातो, भावंडांची लग्नं-मुंजी उरकतो, डबे भरून घेतो आणि परत येतो. याला आम्ही सुट्टी म्हणत आलो. मुलीने त्या व्हिडिओनंतर विचारलं की आपण सुट्टीला कधी जाणार, तेव्हा नवरा म्हणाला, "आपण जातो की दर वर्षी." ती म्हणाली, "ते तर आत्या आहे. सुट्टी नाही."

म्हणून ठरलं. त्या डिसेंबरात नाही, कारण ती फारच लहान होती, त्याच्या पुढच्या. नवऱ्याने बहिणीला फोन केला. त्यांना मी ताई म्हणते.

"पुढच्या वर्षी डिसेंबरात येणं होणार नाही गं ताई. पार्कला जायचंय."

"कुठल्या पार्कला? दिल्लीत बागा कमी पडल्या?"

"अगं बाग नाही. राइड्स असतात. माणसं बसतात, ओरडतात."

"पैसे देऊन ओरडायला जाणार होय. इथे ये, मी फुकट ओरडते."

नवऱ्याने काम ऑफिसच्या पद्धतीने हाती घेतलं. पार्कला ईमेल करून अस्वलाच्या हाताची उंची विचारली. एकशे पाच सेंटिमीटर, असं उत्तर आलं. मुलीची उंची तेव्हा अठ्ठ्याण्णव होती. घरमालक पानिपतला राहतात आणि भिंतीवर ओरखडा दिसला तर करारनाम्यातलं कलम वाचून दाखवतात, म्हणून पेन्सिलची खूण करता येत नव्हती. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवऱ्याने एक हात तयार केला, तपकिरी रंगवला आणि मुलीच्या खोलीच्या चौकटीला दुहेरी चिकटपट्टीने आडवा लावला. नखं मुलीने स्केचपेनने काढली. पाच झाल्यावर जागा उरली म्हणून सहावं काढलं.

"हाइट ही आपली एकमेव डिपेंडन्सी आहे," नवरा म्हणाला. "बाकी सगळं बुक करता येतं."

"आणि समजा नाही झाली?"

"सात सेंटिमीटर. एक वर्ष हातात. मुलं वाढतात यार, त्यांना दुसरं काम काय असतं?"

दर रविवारी मोजायचं ठरलं. माझी रविवारी ड्युटी असते, सोमवारचा अंक निघावा लागतो. त्यामुळे मोजणं हे बापलेकीचं काम झालं. ती चौकटीला पाठ लावून उभी राहायची, नवरा तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरायचा आणि पुस्तकापासून हातापर्यंतचं अंतर बोटांनी सांगायचा. चार बोटं. चार बोटं. साडेतीन. खाली खेळताना कोणीतरी तिला सांगितलं की लटकल्याने माणूस लांब होतो. ती रोज संध्याकाळी लोखंडी दांड्याला लटकू लागली. हाताला घट्टे आले. दूध, जे ती कधी प्यायची नाही, ते नाक दाबून पिऊ लागली.

इथे परकराबद्दल सांगायला हवं.

मुलगी चार वर्षांची असताना ताईंनी तिला दिवाळीसाठी खणाचं परकर-पोलकं शिवलं होतं. जांभळा रंग, हिरवा काठ. लहान मुलीला शिवायचं ते वाढत्या अंगाचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. ताईंनी परकराच्या आत, काठाच्या वर, दोन दुमडी घालून टीप मारली होती. पुढच्या दिवाळीला एक उसवायची, त्याच्या पुढच्या दिवाळीला दुसरी. म्हणजे एका कपड्यात तीन दिवाळ्या निघतात. हे सगळ्या आत्यांना, मावश्यांना येतं. त्यात विशेष काही नाही.

पुढच्या दिवाळीला परकर काढला तर तो नीट बसत होता. दुमड उसवावी लागली नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही, म्हणजे पार्कला जायचं त्या वर्षी, तोच परकर तसाच बसला. महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला आम्ही गेलो तेव्हा सोसायटीतलीच एक पुण्याची बाई म्हणाली, "अय्या, तोच परकर? माझ्या मुलीचा सहा महिन्यांत गुडघ्यावर येतो. काय करतेस तरी काय?"

"जपून वापरते," मी म्हणाले.

ताईंना फोनवर सांगितलं तर त्याही खूश. "खण चांगला होता ना. येवल्याहून आणला होता." कपडा टिकला याचं सगळ्यांना कौतुक. मेट्रोतही तेच झालं होतं. नव्वद सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. ती सवलत आम्हाला इतरांपेक्षा जास्त दिवस मिळाली, आणि ती मिळते आहे याचा आम्ही आनंदच मानला. आपल्या लोकांना कपडा आखूड झाला की हळहळ वाटते, पुरला की बरं वाटतं. दोन वर्षं तोच परकर पुरतो याचा अर्थ काय होतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. ही तक्रार नाही. घडलं ते असं घडलं.

डोक्यात आलं ते पुठ्ठ्याच्या हातामुळे. विमानाची तिकिटं काढलेली होती, हॉटेल ठरलेलं होतं, आणि नोव्हेंबर संपत आला तरी बोटं दोनाच्या खाली येत नव्हती. नवऱ्याला आधी वाटलं चिकटपट्टी सरकली. त्याने हात काढून पुन्हा मोजून लावला. मग वाटलं मोजायची टेप चुकीची आहे. करोल बागेतून दुसरी टेप आणली. दोन्ही टेप एकच सांगत होत्या. वर्षभरात सात सेंटिमीटर वाढायचं होतं. मुलगी तीन वाढली होती.

"थोडी लेट ब्लूमर असेल," तो म्हणाला. "माझी उंची पण नववीत वाढली."

"दाखवून घेऊ," मी म्हणाले. "खोकला आहेच तिला, त्या निमित्ताने."

खोकला त्या दिवसांत दिल्लीत सगळ्याच मुलांना असतो. द्वारकेतल्या आमच्या डॉक्टरांनी खोकल्यासाठी छाती तपासली, मग मुलीला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं, मग संगणकावर एक आलेख उघडला आणि पडदा आमच्याकडे वळवला. बाकीच्या मुलांच्या रेषा वर जात होत्या. हिची त्यांच्या खाली, जवळजवळ आडवी.

"ये कब से ऐसा है?" त्यांनी विचारलं.

आमच्या आधी मुलगीच म्हणाली, "अंकल, मुझे दिसंबर तक लंबा होना है. भालू को टच करना है."

डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्ही समजावलं नाही.

तिथून मोठ्या रुग्णालयात गेलो. डाव्या मनगटाचा एक्स-रे, रक्त, आणखी रक्त. शेवटच्या तपासणीचा अहवाल यायला काही आठवडे लागले. तोवर तिकिटं रद्द केली. अहवालाचा अर्थ वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितला. बायकांच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रं असतात. आमच्या मुलीच्या पेशींत एकच आहे. हे जन्मापासूनचं आहे, कोणी काही केल्याने झालेलं नाही आणि जाणारंही नाही. उंची आपोआप फार वाढणार नाही. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज, पुढची बरीच वर्षं घ्यावं लागेल. मोठेपणाबद्दलचं आणखी काही त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते सांगायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क मुलीचा आहे, आणि तिला ते अजून माहीत नाही.

हृदयही पाहिलं. अशा मुलींचं पाहतातच. एका झडपेत थोडा फरक दिसला. आता काळजीचं कारण नाही, काही महिन्यांनी मुलगी यंत्रात स्थिर पडून राहण्याइतकी मोठी झाली की एमआरआय करू, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही एवढंच ऐकलं की आता काळजीचं कारण नाही.

सुईबद्दल मुलीला काय सांगायचं हे आम्ही ठरवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती पलंगाखाली शिरून बसली. नवरा जमिनीवर पालथा झाला आणि पलंगाखाली तोंड घालून म्हणाला, "ऐक. ही भालूची सुई आहे. रोज घेतली की डोकं हाताला लागणार."

आतून आवाज आला, "प्रॉमिस?"

"बिल्कुल."

ती बाहेर आली.

त्यानंतर तिला कधी बोलवावं लागलं नाही. जेवण झालं की ती स्वतः फ्रिजपाशी जाऊन उभी राहायची, पायजमा वर करायची आणि विचारायची, "आज कितना?" इंजेक्शनचं ते पेन असतं, त्याच्या टोकाची चकती फिरवून मात्रा लावतात. मात्रा रोज तीच असायची. तरी ती रोज विचारायची, नवरा रोज आकडा सांगायचा आणि ती मान डोलवायची. एक दिवस तिने मैत्रिणीला घरी आणून पेन दाखवलं. "ये मेरा है," असं म्हणाली.

औषध लागू पडलं. रविवारची बोटं कमी होऊ लागली. उन्हाळ्यापर्यंत दोनाचं दीड, दीडाचं एक. नवऱ्याने लॅपटॉपवरची सहलीच्या नियोजनाची फाइल पुन्हा उघडली. या वेळी त्याने डिसेंबरच्या पुढे कंसात पक्का असं लिहिलं. ताईंना फोन झाला.

"म्हणजे याही वर्षी आम्ही वनवासात?"

"तू ये ना ताई. दिवाळीला इकडे ये. मग आम्ही डिसेंबरात जातो."

"येते. त्या परकराची माया तरी उसवते. तुझ्या बायकोला शिवण येत नाही, मला माहीत आहे."

आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला शिवणारे माया म्हणतात. मला शिवण येत नाही हे खरं आहे.

एमआरआय ऑगस्टमध्ये झाला. मुलगी न हलता पडून राहिली, याचं तिथल्या सगळ्यांनी कौतुक केलं. तिने मला बाहेर आल्यावर सांगितलं, "आत पहाडवाल्या ट्रेनसारखं आहे. अंधार आणि आवाज. मी नाही घाबरली." आठवड्याने डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाच बोलावलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जितकी असायला हवी त्यापेक्षा रुंद होती. दर वर्षी पाहावं लागेल. रक्तदाब एकदम वाढेल असं काही करायचं नाही. डॉक्टर सावकाश बोलत होते.

"दौड़ने दीजिए, खेलने दीजिए, स्कूल भेजिए. बस जोर के झटके वाली चीजें नहीं."

नवऱ्याने विचारलं, "झूले? पार्क की राइड्स?"

"छोटे झूले ठीक हैं. रोलर कोस्टर टाइप बिल्कुल नहीं."

"हाइट पूरी हो जाए, तब भी?"

डॉक्टरांना प्रश्नाचा रोख लागला नसावा. "हाइट का इससे कोई लेना-देना नहीं है," ते म्हणाले.

परत येताना मेट्रोत, द्वारका मोड स्टेशन गेल्यावर, नवरा म्हणाला, "तिला दिवाळीनंतर सांगू. ताई येणार आहे. दिवाळी तरी नीट होऊ दे." मी हो म्हणाले. घरी मुलीने दार उघडलं आणि विचारलं, "डॉक्टरनी काय सांगितलं?" नवरा म्हणाला, "दूध पीत जा, असं सांगितलं." ती गेली आणि प्यायली.

सप्टेंबर गेला. ऑक्टोबर आला. एका सोमवारी सकाळी, मी तिची वेणी घालत असताना ती म्हणाली, "आई, सुई खराब झाली आहे का?"

"का गं?"

"रोज घेते. पण भालू एक बोटावरच आहे. किती संडे झाले."

डॉक्टरांकडची पुढची भेट दिवाळीनंतर होती. वाढ मधेच थोडी थांबते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी तिला तेच सांगितलं. त्या संध्याकाळी ती दांड्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लटकली आणि खाली पडली. गुडघा सोलला. रडली नाही. तिथल्या एका आजोबांना म्हणाली, "बस एक उंगली बची है."

ताई धनत्रयोदशीला आल्या. चकलीचे डबे, अनारशाचं पीठ, आणि बटव्यात कात्री, सुई, दोरा. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर दुपारी त्यांनी मुलीला परकर नेसवला. तो घोट्याच्या चांगला वर आला होता. पोटऱ्या दिसत होत्या.

ताईंनी दोन्ही हात गालांवर घेतले. "अगं बाई! वाढली की माझी चिमणी!"

त्या बाल्कनीच्या दारापाशी उजेडात बसल्या. बाहेर धुराने दुपारही पिवळी झाली होती. त्यांनी परकर उलटा केला आणि पहिल्या दुमडीची टीप एकेक टाका करून उसवली. आतून चार बोटं रुंद पट्टा निघाला. बाकीचा परकर धुऊन धुऊन फिका झाला होता. पट्टा मात्र दुकानातून आणल्यासारखा जांभळा होता. मुलगी शेजारी बसून बघत होती.

"आत्या, ये कहाँ से आया?"

"आतच होतं. तुझ्यासाठी ठेवलेलं."

"कधी ठेवलं?"

"तू एवढीशी होतीस तेव्हा."

"तुला माहीत होतं मी लंबी होणार?"

"मग! त्यात काय माहीत असायचं? पोर म्हटलं की वाढणारच."

ताईंनी पट्ट्यावर इस्त्री फिरवली आणि परकर पुन्हा नेसवला. आता तो पावलांना लागत होता. मुलीने दोन गिरक्या घेतल्या आणि मग एकदम थांबली. तिला काहीतरी सुचलं होतं. ती पळत तिच्या खोलीच्या दाराशी गेली, चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि डोक्यावर स्वतःचा हात सपाट ठेवला. एक बोट अंतर होतं.

ती परत आली ती सरळ नवऱ्यापाशी. तो सोफ्यावर लाडवाची ताटली घेऊन बसला होता.

"बाबा, परकर छोटा झाला होता ना?"

"हो."

"म्हणजे मी लंबी झाले."

"हो, झालीस की."

"मग भालूला का नाही?"

नवऱ्याने ताटली खाली ठेवली. "परकर धुऊन आटला असेल," तो म्हणाला.

"आटतो कसा?" ताई तिथूनच म्हणाल्या. "रात्रभर भिजवल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. चाळीस वर्षं शिवतेय. आटला म्हणे! काही तरी बोलू नकोस."

"अगं ताई, तीन वर्षं झाली त्याला."

"तीस होऊ देत. माझं शिवलेलं आटत नाही. कुठे आहे तो तुमचा भालू? बघू तरी."

ताई उठून चौकटीपाशी गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. पुठ्ठ्याचा हात आता मऊ पडला होता, नखं पुसट झाली होती. ताईंनी तो खालून चाचपला. त्याच्या खाली, चौकटीच्या लाकडावर, दुहेरी चिकटपट्टीचे दोन करडे चौकोन होते. धूळ बसून काळपट झालेले. पट्टी काढल्यावर जो चिकटा राहतो, तो. हात आधी तिथे होता.

मी वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला नव्हता. जमिनीकडे बघत होता.

मुलगी माझ्या आणि चौकटीच्या मधे शिरली होती. तिने त्या चौकोनांना बोट लावलं. "ये तो भालू की जगह है," ती म्हणाली. मग पाठ लावून उभी राहिली. तिच्या डोक्याने दोन्ही चौकोन झाकले.

तिला राग आला नाही. हे सांगायला हवं, कारण आम्ही दोघं रागाची वाट बघत होतो. ती ओरडली, व्हिडिओतल्या किंकाळीसारखं. "मी टच झाले! आई, मी टच झाले! आत्या, बघ, मी कधीचीच टच झाले!" ती परकर दोन्ही मुठींत धरून नाचू लागली. हात वर कसा गेला हे तिने विचारलंच नाही. ताईंनी टाळ्या वाजवल्या. हृदयाचं त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. "झालं की मग! काढा तिकिटं! आणि ए, माझं पण काढ. मीही ओरडून घेते एकदा."

नवरा उठला आणि मुलीच्या समोर जमिनीवर बसला. तिचे हात धरायचा प्रयत्न केला, पण ती नाचत होती, तेव्हा त्याने परकराचा काठ धरला.

"ऐक. आपण पहाडवाल्या ट्रेनमध्ये नाही जाऊ शकत."

"मी टच झाले ना पण."

"हो. झालीस. सप्टेंबरमध्येच झाली असतीस. हात मी वर लावला."

"का?"

"कारण डॉक्टरांनी सांगितलं की तुझ्या छातीत जी मोठी नळी आहे ती जरा नाजूक आहे. जोरात झटका बसला तर तिला चालणार नाही."

"मग बरी झाल्यावर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला नीट सांगता येणार नाही.

"नाही," तो म्हणाला. "नंतरही नाही."

"मी मोठी झाले तरी?"

"मोठी झालीस तरी."

ती उभी राहिली. ताईंचे हात टाळीच्या मधेच थांबलेले होते. खाली कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मुलगी चौकटीवरच्या चौकोनांकडे बघत होती. मग तिने विचारलं,

"मग सुई कशाला?"

"मोठं व्हायला," नवरा म्हणाला.

"मोठं होऊन काय करायचं?"

हा प्रश्न तिने रडत विचारला नाही. तिला माहिती हवी होती. ताई म्हणाल्या, "अगं चिमणे, किती काय काय असतं..." आणि पुढे त्यांना एकही गोष्ट आठवली नाही. त्या परकराचा काठ सारखा करू लागल्या. तो सारखाच होता.

मी कपबशांच्या पाळण्याबद्दल बोलले. त्यात बसता येईल, तो डॉक्टरांना चालेल, भालूबरोबर फोटो काढता येईल. ती माझं ऐकून घेत होती. बोलून झाल्यावर म्हणाली, "ते बेबीजसाठी आहे." मग खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. पुठ्ठ्याचा हात दाराच्या फटीत थोडा वाकला.

ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि सगळं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ओट्याला टेकून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "अजून एक दुमड आहे त्यात. ती राहू दे ना आत?" मी म्हणाले, राहू दे. त्या म्हणाल्या, "मी उगाच बोलले ते आटण्याचं. गप्प बसायला हवं होतं." मी त्यांना सांगितलं की त्याने काही फरक पडला नसता. हे खरं नव्हतं, पण त्यांच्या वयाच्या माणसाला दुसरं काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन झालं. मुलीने परकर नेसायला नाही म्हटलं नाही. प्रसाद घेतला, ताईंना नमस्कार केला, समोरच्या टॉवरमधली मुलगी खाली बोलवायला आली तेव्हा जाऊन आली. जेवण झालं. नवऱ्याने फ्रिजमधून पेन काढलं आणि वाट बघत उभा राहिला. ती आली नाही. मी हाक मारली. दुसऱ्या हाकेला ती आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि परकर गुडघ्याच्या वर धरला. जांभळा नवा पट्टा तिच्या मुठीत होता. ती फ्रिजच्या दाराकडे बघत होती.

तिने काही विचारलं नाही. नवऱ्याने चकती फिरवली. मग आकडा त्याने आपणहून मोठ्याने सांगितला.